माळावरचं माहिती केंद्र: वारा आत कधी घ्यायचा, बाहेर कधी ठेवायचा

कोकणातला माणूस सांगेल, घर थंड ठेवायचं तर खिडक्या मोठ्या करा आणि दिवसभर सताड उघड्या ठेवा. त्याच्या दमट हवेत ते बरोबरच आहे. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता असं केलं तर खिडकीतून झळा आत येतात आणि माणसं ओसरीवर पळतात. पण याच सोलापुरात मे महिन्यात दुपारी सरासरी ४० अंशांच्या आसपास गेलेला पारा पहाटे २५ च्या जवळ उतरतो. जवळपास १५ अंशांचा हा फरक हे आपलं भांडवल. रात्रीचा गारवा भिंती-फरशीत मुरवायचा, सकाळी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि तो संध्याकाळपर्यंत पुरवायचा. म्हणून इथे वायुविजनाचा आराखडा म्हणजे निम्मा उघडण्याचा आणि निम्मा लावण्याचा आराखडा असतो. दुसरा निम्मा बहुतेक नकाशांत नसतोच.

पुढची मांडणी नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं हे कुरण. पर्यटकांसाठीचं माहिती केंद्र छोटं धरू: १२ मीटर × ७ मीटरचं एक दालन, तिकीट खिडकी, कोठार, स्वच्छतागृह, रुंद पडवी आणि चहा-भाकरीची टपरी. जिल्ह्यातल्या कुठल्याही माळरानावर थोड्या फरकाने हेच लागू पडेल.

आधी माणसांचं वेळापत्रक

कागदावर रेघ मारण्याआधी एक तक्ता करा: कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, किती माणसं. माळावर काळवीट, खोकड, लांडगा, धाविक पक्षी पाहायला येणारा माणूस सकाळी लवकर येतो, नाहीतर उन्हं कलल्यावर. शाळेच्या सहली हिवाळ्यात येतात आणि नेमक्या दुपारच्या जेवणाला केंद्रावर थांबतात. मे महिन्याच्या भर दुपारी केंद्रात असतात ते कर्मचारी आणि चुकून आलेलं एखादं कुटुंब.

हा तक्ता झाला की निम्मा प्रश्न सुटतो. इमारत सगळ्यांत जास्त बंद ठेवावी लागते त्याच वेळी माणसं सगळ्यांत कमी असतात. गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी किंवा हिवाळ्यात, ती उघडी ठेवता येते. एसी लावा म्हणणाऱ्या समितीपुढे हाच कागद ठेवावा. एरवी 'लोकांना गारवा लागतो' या एका वाक्यावर बैठक संपते.

जागा

अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. पुढे ते घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. त्यामुळे जुन्या नकाशावर विसंबू नका. आपल्या जमिनीचा गट हद्दीत येतो की बाहेर हे सध्याच्या अधिसूचनेवरून वनविभागाकडून लेखी घ्या, मगच पुढे जा. जमेल तिथे केंद्र हद्दीबाहेर, रस्त्यालगत, आधीच वापरात असलेल्या जागेवर असावं. अस्पर्शित गवत खोदून त्याच गवताचं महत्त्व सांगणारी इमारत बांधण्यात काही अर्थ नाही.

माळावर मुरूम वर असतो, पाया स्वस्तात होतो. उताराखाली काळी माती लागली तर जागा बदलण्याचा विचार करा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि जड दगडी भिंतींना हे मानवत नाही. आपल्याला तर जड भिंतीच हव्या आहेत.

सावलीसाठी भोवती झाडं लावण्याची सूचना येईल. ती नम्रपणे नाकारा. गवताळ माळाला पडीक समजून त्यावर गिरिपुष्पासारखी झाडं लावण्याची चूक महाराष्ट्रात पूर्वी झालेली आहे. माळढोकाला उघडं, लांबवर दिसणारं कुरण लागतं. आवारात आधीपासून कडुनिंब असेल तर तो राखा. बाकीची सावली पडवीने आणि तट्ट्यांच्या मांडवाने द्यायची.

वारा पाहून घ्या

सोलापुरात पावसाळ्याचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि जोरात येतो. उन्हाळ्यात दुपारनंतर तो बहुतेक पश्चिम-वायव्येचा असतो, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येचा. हवामान खात्याच्या सोलापूर केंद्राच्या नोंदी मिळवा, पण तेवढ्यावर थांबू नका. समोरचा उंचवटा किंवा बांधावरची बाभळींची रांग वाऱ्याची दिशा बदलते.

जागेवर चार-पाच वेळूच्या काठ्या रोवा, प्रत्येकीला दीड मीटर आणि तीन मीटरवर कापडाच्या फिती बांधा. एप्रिलमध्ये एक आठवडा आणि जुलैमध्ये एक आठवडा पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री नऊ-दहाला दिशा लिहून घ्या. रात्रीची नोंद टाळू नका. आपलं मुख्य काम रात्रीच्या वाऱ्यावर चालणार आहे आणि तो बऱ्याचदा दुपारच्या वाऱ्यापेक्षा मंद आणि वेगळ्या दिशेचा असतो. चौकीदाराला चार दिवस शिकवलं तर तो हे उत्तम करतो.

तोंड कुठे करायचं

इथे खरी ओढाताण आहे. उन्हाच्या दृष्टीने लांब भिंती उत्तर-दक्षिणेला हव्यात, कारण पूर्व आणि विशेषतः पश्चिम भिंतीवरचं तिरकं ऊन कुठल्याही छज्ज्याने अडत नाही. वारा मात्र पश्चिमेचा. म्हणजे लांब भिंतीला तो जवळजवळ घासून जाणार आणि समोरून येणार तो नेमका आखूड, तापणाऱ्या बाजूला.

यावर तोडगा असा: इमारत १५ ते २० अंश फिरवा, म्हणजे दक्षिणेची लांब बाजू किंचित नैर्ऋत्येकडे वळेल. नैर्ऋत्येचा वारा मग जवळपास समोरून मिळतो. निव्वळ पश्चिमेच्या वाऱ्यासाठी खिडक्यांना लागून उभ्या आडभिंती काढा. एकाच भिंतीत दोन खिडक्या असतील तर पश्चिमेकडच्या खिडकीच्या पूर्व कडेला एक आडभिंत आणि पूर्वेकडच्या खिडकीच्या पश्चिम कडेला दुसरी. पहिली वारा अडवून आत वळवते. दुसरीच्या आडोशाला दाब कमी होऊन हवा बाहेर ओढली जाते. आडभिंतीची खोली खिडकीच्या रुंदीइतकी, निदान निम्मी हवी. वीतभर पट्टी काढून उपयोग नाही.

फिरवण्याची किंमत पश्चिमेची भिंत मोजते. ती आता थोडी वायव्येकडे पाहते, म्हणजे उन्हाळ्यातल्या मावळत्या सूर्याच्या अगदी समोर. तिला खिडकीच ठेवू नका. त्या बाजूला कोठार काढा आणि बाहेर अडीच मीटरची पडवी. स्वच्छतागृह मात्र तिथे नको, वास थेट दालनात येईल. ते ईशान्य अंगाला, दालनापासून थोडं सुटं ठेवा.

छज्ज्यांचं गणित सोपं आहे. सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे. तिथे २१ डिसेंबरला दुपारी सूर्य ४९ अंशांवर असतो, मार्चच्या विषुवदिनी ७२ अंशांवर. दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीवर ७५ सेंटिमीटरचा छज्जा दिला तर फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत दुपारचं ऊन आत येत नाही आणि डिसेंबरात खालच्या पट्टीतून हवंहवंसं येतं. उत्तरेच्या खिडक्यांना छज्जा लागत नाही असं पुस्तकी ज्ञान इथे चालत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे झुकलेला असतो. सकाळ-संध्याकाळचं ऊनही त्या काळात उत्तर भिंतीवर येतं. तिथे ४५ सेंटिमीटर तरी छज्जा आणि दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या द्याच.

भिंती आणि छप्पर

भिंत काळ्या दगडाची, ४५ सेंटिमीटर, सांधे चुन्याचे. दुपारी बाहेर बसलेली उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते आणि तेव्हा झरोके उघडे असतात. बाहेरून गडद रंग देऊ नका. 'जंगलात मिसळून जावं' म्हणून इमारती हिरव्या-तपकिरी रंगवायची हौस असते, पण उन्हाळ्यात हा माळ पिवळसर पांढराच असतो. पांढऱ्या मातीच्या जवळ जाणारा चुन्याचा फिकट रंग मिसळतोही आणि ऊन परतवतोही. आत शहाबादी फरशी घाला. ती जवळच मिळते, रात्रीचा गारवा चांगला धरते आणि मुलांना बसायला बरी.

छपराकडे भिंतींपेक्षा जास्त लक्ष द्या. एप्रिल ते ऑगस्ट सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा वरूनच येतो. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांनी हे ओळखलं होतं: लाकडी तुळया-कड्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि मधोमध उजेडाला, धुराला साणं. आज तसं माळवद घालणारे आणि दर पावसाळ्याआधी त्याची देखभाल करणारे हात सरकारी इमारतीला मिळणार नाहीत. म्हणून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा आणि त्यावर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे. दुसरा पर्याय स्लॅबवर हवेची पोकळी सोडून पत्र्याचं किंवा कौलांचं दुसरं छप्पर. दिवसा ते चांगलं काम करतं, पण रात्री स्लॅबला उघड्या आभाळाकडे उष्णता टाकता येत नाही, शिवाय वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडायची भीती. मी पहिल्याकडे झुकतो. दुसरं छप्पर फक्त पडवीवर ठेवावं.

झरोक्यांचा हिशोब

दालनाची सरासरी उंची ४ मीटर धरली तर आत ३३६ घनमीटर हवा. खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, एकूण ३ चौरस मीटरचे झरोके आणि वर, छपराच्या उंचावलेल्या पट्टीत, आणखी ३ चौरस मीटरचे. दोन्हींच्या मध्यांतलं उभं अंतर साडेतीन मीटर.

वारा असेल तेव्हाचं सूत्र राष्ट्रीय इमारत संहितेतलं: ०.६ × झरोक्याचं क्षेत्रफळ × वाऱ्याचा वेग. वारा तिरका असेल तर ०.६ च्या जागी ०.३. झरोक्यापाशी सेकंदाला १ मीटर इतका मंद वारा समोरून आला तर १.८ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला सुमारे १९ वेळा दालनातली हवा बदलते. तिरक्या वाऱ्यातही नऊ-दहा वेळा.

वारा पडलेला असेल तर गरम हवा वर चढण्यावर भिस्त. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३ अंश गरम असताना वरच्या मापांत सेकंदाला १.०५ घनमीटर हवा फिरते, तासाला ११ बदल. ती हवा ताशी साडेतीन किलोवॉट-तास उष्णता बाहेर नेते. एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालवल्यासारखं हे आहे, रात्रभर, वीजबिलाशिवाय.

या हिशोबातली एक गोष्ट आराखडा ठरवते. झरोक्यांचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर हवा दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर फक्त १.४ पट. म्हणून वातमनोरे, उंच चिमण्या यांच्या मागे लागू नका. चित्रात ते देखणे दिसतात. माळावर मात्र उंच टोक म्हणजे शिकारी पक्ष्यांना आयतं बसायला ठिकाण, आणि टिटवी-धाविकांसारखे जमिनीवर घरटं करणारे पक्षी त्याच्या टप्प्यात. इमारत बसकी ठेवा, झरोके रुंद करा. हवेचं गणित आणि पाखरांची गरज इथे एकाच बाजूला आहेत.

आता ती चूक, जी अनुभवी लोकही करतात: वरचे झरोके कायमचे उघडे ठेवणं. दुपारी आत ३४ आणि बाहेर ४१ असेल तर आतली हवा जड असते. ती दारांच्या फटींतून खाली ओघळून बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला वरच्या झरोक्यातून गरम हवा आत उतरते. उष्ण हवा वर जाऊन बाहेर पडेल ही समजूत रात्री खरी, दुपारी उलटी. म्हणून वरच्या प्रत्येक झरोक्याला जमिनीवरून दोरीने किंवा दांड्याने लागणारी झडप हवी. शिडीवर चढून लावायची झडप दुसऱ्या आठवड्यापासून कोणी लावत नाही.

उघडझाप

दोन साधे तापमापक घ्या, एक दालनात, एक बाहेर सावलीत. नियम एकच: बाहेर जास्त असेल तर लावा, बाहेर कमी असेल तर उघडा. उन्हाळ्यात याचा अर्थ साधारण संध्याकाळी सात-आठनंतर सगळं उघडं आणि सकाळी आठ-साडेआठला सगळं बंद. नीट चालवलेली जड इमारत बाहेरच्या कमाल तापमानापेक्षा दिवसरात्रीच्या फरकाच्या निम्म्याने कमी राहील, ही वाजवी अपेक्षा. ४१ ला आत ३३-३४. त्यावर छताचे कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे फिरले की बसवेल. ३३ अंशांच्या हवेत पंखा उपयोगी, ४१ च्या झळांत तो भट्टीचा भाता होतो.

बंद दालनात गर्दी मात्र सोसत नाही. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो आणि त्याला सेकंदाला आठ-दहा लिटर ताजी हवा लागते. पन्नास जणांचा गट म्हणजे पाच किलोवॉट, रात्रीची कमाई झपाट्याने खलास. उन्हाळी दुपारी असा गट आलाच तर त्याला पूर्वेच्या पडवीत बसवा, जी दुपारनंतर सावलीत असते, आणि दालनात पंधरा-पंधरा जण सोडा.

पूर्व पडवीला वाळ्याचे पडदे लावता येतील. कोरड्या हवेत ते झकास चालतात. १ लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता शोषतं. पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाशेजारी हे पाणी आणायचं कुठून, याचं उत्तर आधी हवं. पडव्यांसह दीडशे चौरस मीटर छप्पर, वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के गळती धरली तर ६० हजार लिटर साठतं. तेवढी टाकी असेल तरच पडदे लावा. ओल्या वाळ्यावर मे महिन्यात मधमाश्या पाण्याला येतात, तेव्हा ते लहान मुलांच्या बाकांपासून दूर टांगा. पावसाळ्यात गुंडाळून माळ्यावर.

पावसाळ्यात नियम बदलतो. हवा दमट, तापमान तिशीच्या आसपास: दोन्ही लांब बाजू दिवसभर उघड्या. पश्चिमेचा पाऊस आडवा येतो, म्हणून नैर्ऋत्येकडच्या झरोक्यांना खाली झुकणाऱ्या तिरप्या पट्ट्या हव्यात. हिवाळ्यात रात्री सगळं बंद, सकाळी दक्षिणेचं ऊन आत.

जाळ्या, कुलपं, दिवे

रात्रभर उघड्या राहणाऱ्या इमारतीत साप, विंचू, वटवाघळं आणि चोर, चौघांनाही वाट मिळते. बाहेर लोखंडी गज, आत काढता येणारी डासांची जाळी, आणि खालच्या झरोक्यांची कड जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर वर. बारीक जाळीने हवा जवळपास निम्म्यापर्यंत घटते, माळाच्या धुळीने भरली की आणखी. तेव्हा वर काढलेलं ३ चौरस मीटर हे जाळी धरून ५-६ करा. जाळीची चौकट दोन खिट्ट्यांवर निघाली पाहिजे. स्क्रूने ठोकलेली जाळी कोणी धूत नाही.

माळाकडे मोठी काच नको. ती तापते आणि पाखरं तिच्यावर आपटतात. दृश्य पाहायला उत्तरेकडे डोळ्यांच्या उंचीवर आडव्या, अरुंद, खोल खाचा पुरतात. रात्री झरोके उघडे असताना दिवे बंद, नाहीतर सकाळी फरशी किड्यांनी भरलेली. वीज जमिनीखालून आणा, कितीही महाग पडली तरी. तारांना धडकून माळढोक मरतात हे देशभर नोंदलेलं आहे.

चुलीची जागा

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मिळाली नाही तर सोलापुरातलं पर्यटन केंद्र चालणार नाही, हे मान्य. पण चूल दालनाला चिकटवू नका. पश्चिम, वायव्य, नैर्ऋत्य आणि ईशान्य, चारही वाऱ्यांत धूर दालनाबाहेरून जावा तर तिची जागा मुख्य इमारतीपासून आठ-दहा मीटर दूर, आग्नेयेला येते. वास्तुशास्त्रवालेही तोच कोपरा सांगतात. निदान या एका मुद्द्यावर बैठकीत भांडण होणार नाही.

बांधकाम आणि ताबा

माळढोक जमिनीवर एकच अंडं घालतो आणि त्याचा विणीचा हंगाम प्रामुख्याने पावसाळ्यात असतो. खोदाई, यंत्रं, ट्रक हे सगळं नोव्हेंबर ते मे यांत बसवा आणि निविदेतच तसं लिहा. झडपा, बिजागऱ्या, दोऱ्या, जाळ्यांच्या चौकटी यांची मापं व प्रत निविदेत वेगळ्या बाबी म्हणून टाका. 'खिडक्या, पूर्ण' असं मोघम लिहिलं की कंत्राटदार बाजारातल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवून जातो. त्या निम्म्याच उघडतात, म्हणजे सगळा हिशोब अर्ध्यावर.

ताबा घेण्याआधी उदबत्तीची चाचणी करा. रात्री सगळं उघडून प्रत्येक खालच्या झरोक्यापाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाऊन वरून बाहेर पडताना टॉर्चमध्ये दिसला पाहिजे. दुपारी सगळं लावून हीच उदबत्ती दारांच्या फटींपाशी धरा. धूर स्थिर राहिला पाहिजे. हलला तर तिथे रबरी पट्टी बसवा.

मग पहिल्या मे महिन्यात पंधरा दिवस दोन्ही तापमापकांची तासागणिक नोंद ठेवा आणि त्यावरून उघडण्या-लावण्याच्या वेळा ठरवून दाराशी पाटीवर मराठीत रंगवा. काम कोणाचं, तेही नावानिशी नाही तर पदानिशी लिहा, कारण माणसं बदलतात: रात्रपाळीचा चौकीदार उघडेल, सकाळचा तिकीट कारकून लावेल. कारकुनाची सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या आणि त्या दिवशीचं नावही पाटीवर टाका.